गेटवरच्या वॉचमनसाठी कायदा आहे, आईच्या खाटेशी बसणाऱ्या बाईसाठी नाही

प्रति,
मा. कामगार मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय,
सविनय नमस्कार.

दोन खात्यांच्या मंत्र्यांना एकच पत्र लिहितो आहे, त्याचं कारण आधी सांगतो. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी येऊन शुश्रूषा करणारे लोक आणि त्यांना पाठवणारे ब्युरो यांच्यावर देखरेख कोणाची, हे शोधत मी गेलं दीड वर्ष फिरलो. ज्या टेबलापाशी गेलो तिथे उत्तर एकच: ‘हे आमच्याकडे येत नाही.’ त्या टेबलांमागच्या माणसांना मी दोष देत नाही, ती खरं तेच सांगत होती. आजारी माणूस आहे म्हणून विषय आरोग्याचा, राबणारी बाई आहे म्हणून कामगारांचा, आणि दोन्ही आहे म्हणून कुणाचाच नाही.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो. आई ८१ वर्षांची आहे. पाच वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. अडीच वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. मी फोर्टला नोकरीला, पत्नी शाळेत शिक्षिका, बहीण नाशिकला. आमच्यापैकी एकाने नोकरी सोडली तर घराच्या कर्जाचा हप्ता थकतो, न सोडली तर आईपाशी दिवसभर माणूस लागतं. म्हणून ब्युरो. अडीच वर्षांत सहा ब्युरो झाले आणि एकोणीस बायका येऊन गेल्या. आकडा अंदाजाने सांगत नाही, वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं आहे.

हे पत्र त्या बायकांविरुद्ध नाही. त्यांच्यातल्या चार-पाच जणींनी आईचं जे केलं ते पोटच्या मुलाला जमलं नसतं. टिटवाळ्याहून येणाऱ्या एक मावशी होत्या. आईचे केस विंचरताना त्या जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. तीन महिने जिच्या तोंडून माझं नाव निघालं नव्हतं ती आई एके दिवशी त्यांच्या मागोमाग ओवी म्हणायला लागली. या मावशींबद्दल मला पुढे आणखी सांगायचं आहे, आणि ते सांगणं सोपं नाही.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांना ब्युरो कसा चालतो ते माहीत नसतं. डिस्चार्जच्या दिवशी नाकात नळी घातलेला पेशंट आपल्या ताब्यात मिळतो. वॉर्डमधलंच कुणीतरी एक नंबर देतं. फोनवर विचारतात: लेडीज की जेंट्स, वजन किती, डायपर आहे का, बारा तास की चोवीस? आपण काही विचारायच्या आत रजिस्ट्रेशनचे पाच हजार भरायला सांगतात, परत न मिळणारे. संध्याकाळी बाई दारात उभी असते. मी एका ब्युरोच्या ऑफिसात जाऊन परवाना पाहायला मागितला, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. तो गुमास्ता होता, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीचा दाखला. वह्या-पेन्सिली विकणाऱ्या दुकानाला जो लागतो तोच.

माझी पहिली तक्रार प्रशिक्षणाची आहे.

आईच्या नाकात नळी होती तेव्हा ब्युरोने बारा तासांचे १,३०० रुपये घेऊन ‘ट्रेंड सिस्टर’ पाठवली. पांढरा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. तिसऱ्या दिवशी पहाटे पत्नीला जाग आली. आई सपाट झोपलेली होती आणि सिस्टर सिरिंजने नळीतून दूध सोडत होती. नळीतून भरवताना डोकं आणि छाती वर उचललेली लागते आणि भरवल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवावी लागते, नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. दवाखान्यातल्या परिचारिकेने हे आम्हाला दोनदा बजावलं होतं. संध्याकाळपर्यंत आईला ताप भरला, छाती घरघरायला लागली. नऊ दिवस दवाखाना, त्यातले चार आयसीयूत.

ती सिस्टर बावीस वर्षांची होती. त्याआधी ती मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ब्युरोने दोन दिवसांत डायपर बदलणं आणि बीपीचं मशीन लावणं दाखवलं, गणवेश दिला आणि त्याचे १,२०० रुपये पहिल्या पगारातून कापले. नळीचा पेशंट तिने आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरी पाहिला. ती आमच्या दारात उभी राहून रडली. मला तिच्यावर ओरडता आलं नाही. आई आयसीयूत असताना ब्युरोकडून जे एकमेव उत्तर आलं ते ‘उद्या दुसरी पाठवतो’ एवढंच होतं.

परिचारिका व्हायचं तर एएनएमच्या अभ्यासक्रमाला दोन वर्षं, जीएनएमच्या अभ्यासक्रमाला तीन वर्षं शिकावं लागतं आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. तो नोंदणी क्रमांक मागायचा असतो, हे त्या रात्रीपर्यंत मला माहीत नव्हतं. बहुतेकांना नसतं. पांढरा गणवेश पाहून आपण ‘सिस्टर’ म्हणतो आणि निश्चिंत झोपतो.

इथे मला आमच्या सोसायटीची गोष्ट सांगायची आहे. मी कमिटीवर आहे. गेल्या वर्षी वॉचमनची एजन्सी बदलताना आम्ही परवान्याची प्रत मागितली आणि ती मिळाली. कारण खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. परवान्याशिवाय एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नेमण्याआधी रक्षकाची पूर्वपीठिका तपासणं बंधनकारक. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत रक्षकासाठी १०० तासांचे वर्ग आणि ६० तासांचा प्रत्यक्ष सराव सांगितला होता. गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची वहीत नोंद करणाऱ्या माणसासाठी सरकारने इतका विचार केला, तो योग्यच केला. त्याच गेटमधून आत येऊन, तिसऱ्या मजल्यावर, बोलता न येणाऱ्या बाईला अंघोळ घालणाऱ्या, इन्सुलिन टोचणाऱ्या, कपाटाच्या किल्लीपाशी रात्र काढणाऱ्या माणसासाठी काय आहे? मी तो कायदा शोधला. तो नाही.

दुसरी तक्रार नोंदीची. हे पत्र मी मुख्यतः तिच्यासाठीच लिहितो आहे.

टिटवाळ्याच्या त्या मावशी आमच्याकडे सात महिने होत्या. पहाटे पावणेसहाला घर सोडायचं, ठाण्याला उतरून स्लो पकडायची आणि आठच्या आत आमच्या दारात. नळी निघाल्यावर आईला उभं त्यांनी केलं. वॉकर धरून पलंगापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आई चालायला लागली ती त्यांच्या हाताला धरून.

एके दुपारी मला ऑफिसात फोन आला. आई ओरडत होती, ‘हिने माझ्या पाटल्या नेल्या.’ मी घरी आलो, कपाटातला डबा उघडला, पाटल्या नव्हत्या. ब्युरोला फोन केला. ते म्हणाले, ‘आमचा संबंध नाही, तुम्ही पोलिसात द्या, आम्ही बदली बाई पाठवतो.’ रजिस्ट्रेशनच्या वेळी ‘पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं आहे’ असं त्यांनी सांगितलं होतं. आता कागद मागितला तर आधार कार्डाची झेरॉक्स पाठवली. मग मी मावशींची पिशवी जमिनीवर उपडी केली. एक साडी, रिकामा डबा, रेल्वेचा पास आणि मुलीच्या शाळेच्या फीची पावती. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रात्री दहापर्यंत त्यांना पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं. मीच घेऊन गेलो होतो.

अकराव्या दिवशी तांदळाच्या डब्यात, तळाशी, आईच्या रुमालात गुंडाळलेल्या पाटल्या पत्नीला सापडल्या. स्वयंपाकघरापर्यंत चालत जायला आईला मावशींनीच शिकवलं होतं.

नंतर डॉक्टर म्हणाले, डिमेन्शियात, म्हणजे आईच्या या विसरण्याच्या आजारात, असं फार वेळा होतं. पेशंट वस्तू लपवतो, विसरतो आणि जो सगळ्यात जवळ असतो त्याच्यावर आळ घेतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मावशींनाही नाही. डिमेन्शियाची केस देताना ब्युरोने एवढी गोष्ट दोन्ही बाजूंना सांगितली असती तरी ती दुपार टळली असती. माझं जे चुकलं ते माझं चुकलं. टिटवाळ्याला जाऊन मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘दादा, सापडल्या ना, झालं तर मग.’

पण झालेलं नव्हतं. ब्युरोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो ‘चोर’ म्हणून फिरला होता. एकही ब्युरो त्यांना केस देईना. मी आमच्या ब्युरोला म्हटलं, या बाई निर्दोष आहेत असं तुम्ही लिहून द्या. ते म्हणाले, ‘लिहून कुठे देऊ साहेब?’ आणि त्यांचं बरोबर होतं. कोण बाई कुठे काम करत होती, काय शिकली आहे, तिच्याविरुद्ध काय तक्रार आली आणि तिचं पुढे काय झालं, हे लिहायची वहीच या राज्यात कुठे नाही. त्यामुळे एका घरात खरोखर मारहाण करून निघालेली बाई दुसऱ्या दिवशी नव्या ब्युरोतून तिसऱ्या घरी जाऊ शकते, आणि सात महिने आईची सेवा केलेल्या बाईला आपलं निर्दोष असणं दाखवायला एक कागद मिळत नाही. मावशी आता आंबिवलीत एका केटररकडे पोळ्या लाटतात. ज्या हातांना पाठीला फोड न येऊ देता माणसाची कूस बदलता येते, ते हात आपण गमावले.

पैशांचं थोडक्यात सांगतो. चोवीस तासांच्या बाईसाठी आम्ही महिन्याला २८,००० रुपये देत होतो. बाईंच्या हातात १८,००० पडायचे. हे मला चौथ्या महिन्यात, त्यांनी मुलाच्या ॲडमिशनसाठी उसने मागितले तेव्हा कळलं. पावती मागितली की ब्युरो टाळतो. बाई परस्पर ‘डायरेक्ट’ ठेवली तर दोन महिन्यांचं कमिशन दंड म्हणून, असं फॉर्मवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. बाई अचानक सोडून गेली तर त्याच फॉर्मवर ब्युरोची जबाबदारी मात्र कुठेच नसते. सेवेत कसूर झाली म्हणून ग्राहक आयोगात जाता येतं, मला माहीत आहे. पण वांद्र्याला तारखांना जायचं तर त्या दिवशी आईपाशी कोणी बसायचं?

आता आम्हा कुटुंबांबद्दल, कारण एकाच बाजूचं लिहिलं तर पत्र खोटं होईल. केस एका माणसाची असते आणि काम घरादाराचं सांगितलं जातं: जरा भांडी घासा, भाजी निवडा, पाहुणे आलेत तर चहा टाका. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई, असं समजणारी घरं आहेत. वेगळा कप ठेवणारी आहेत. सत्तर किलोचा माणूस एकटीने उचलायला लावतात, कंबर धरली की ब्युरोला फोन करून बदली मागतात. आमच्याकडच्या एका बाईंनी सांगितलं, आधीच्या घरी त्या रात्रभर बसून काढायच्या, कारण झोपायच्या खोलीला आतून कडी नव्हती आणि घरातल्या एका माणसाची त्यांना भीती वाटायची. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलेलं आहे आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. त्या बाईंनी या समितीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. रविवारी मेगाब्लॉक असला की दिवसाची बाई दीड तास उशिरा पोचते आणि रात्रीची तेवढा वेळ जास्त थांबते. त्याचे पैसे तिला कुणी दिले असतील असं मला वाटत नाही. मीही पहिलं वर्षभर दिले नव्हते.

कायद्यांमध्ये ही जागा किती मोकळी राहिली आहे ते पाहा. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा नर्सिंग होमना लागू होतो, घरी माणूस पाठवणाऱ्यांना नाही. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देतो. पैसे द्यायला तयार असलेल्या मुलाने विश्वासाचं माणूस कुठून आणायचं, हे त्यात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये याच कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्यात घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा अशा तरतुदी होत्या. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच संपलं. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. त्यात कल्याणाची गोष्ट आहे, ब्युरोच्या परवान्याची आणि शुश्रूषेच्या प्रशिक्षणाची नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं.

केंद्राची वाट पाहायची गरज नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्य सूचीतला विषय आहे, कामगार समवर्ती सूचीतला. आणि याच राज्याने १९६९ मध्ये माथाडींसाठी, १९८१ मध्ये सुरक्षा रक्षकांसाठी कायदा करून मंडळं उभी केली. नाक्यावर रोज नवा मालक शोधणाऱ्या हमालाची नोंद, मजुरी आणि रजा यांची व्यवस्था बसवता येते, हे महाराष्ट्राने करून दाखवलेलं आहे. म्हणून माझ्या मागण्या नवलाच्या नाहीत.

शुश्रूषेसाठी घरी माणूस पाठवणाऱ्या प्रत्येक ब्युरोला, मग तो एका खोलीतला असो की मोबाइल ॲपवरचा, परवाना सक्तीचा करा आणि परवानाधारकांची यादी लोकांना पाहता येईल अशी ठेवा. कायदा कुठल्या खात्याने करायचा हे आपण दोघांनी एका बैठकीत ठरवा, आम्हाला दोन्ही चालतील.

प्रत्येक केअरटेकरला राज्याचा नोंदणी क्रमांक द्या. त्यासोबत पोलीस पडताळणीची तारीख, प्रशिक्षणाची पातळी, आलेल्या तक्रारी आणि त्यांचा निकाल हे सगळं असावं. ती नोंद त्या बाईला स्वतःला पाहता यावी, खोटी तक्रार पुसून घेता यावी. या मागणीवर मी कितीही वेळा मंत्रालयात यायला तयार आहे.

प्रशिक्षणाच्या तीन पातळ्या ठरवा: फक्त सोबत, अंथरुणावरचा पेशंट, नळी-कॅथेटर-सक्शनचा पेशंट. वरची पातळी नसेल तर ती केस देऊ नये. वर्ग महापालिकेच्या रुग्णालयांतून, आयटीआयमधून, मराठीत आणि हिंदीत घ्या. डिमेन्शियाचा एक दिवस त्यात सक्तीचा ठेवा आणि त्या दिवशी घरच्यांनाही बोलवा. पण एक विनंती. आज काम करणाऱ्या हजारो बायकांना प्रमाणपत्र नाही म्हणून एका फटक्यात बाहेर काढू नका. प्रत्यक्ष काम पाहून त्यांची परीक्षा घ्या. टिटवाळ्याच्या मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि ही परीक्षा त्या पहिल्या नंबराने पास झाल्या असत्या.

कुटुंब, ब्युरो आणि केअरटेकर असा तिघांचा छापील करार करा. बाईचा पगार तिच्या बँक खात्यात, ब्युरोचं कमिशन किती ते करारावर आणि त्याला कमाल मर्यादा, आठवड्याची सुट्टी, झोपेचे सलग तास, आतून कडी लागणारी जागा, अपघाताचा विमा. आमचा खर्च यामुळे वाढेल. वाढू दे, पण तो कुणाच्या हातात जातो हे आम्हाला दिसू दे.

तक्रारीला एक जागा द्या, वॉर्डाच्या पातळीवर, दोन्ही बाजूंसाठी एकच. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिच्याशी ती जोडा.

आणि ज्यांना ब्युरो परवडतच नाही त्यांच्यासाठी महापालिकेच्या दवाखान्यांतून घरी जाणारी माणसं नेमा. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजू माणसाला साहित्यासाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. त्यातून वॉकर येतो, पण तो धरायला शिकवणारं माणूस येत नाही. आमच्या मागच्या चाळीतला एक मुलगा सकाळी वडिलांपाशी पाण्याची बाटली आणि बिस्किटं ठेवतो, बाहेरून कुलूप लावतो आणि कामावर जातो. तो वाईट मुलगा नाही. संध्याकाळी स्टेशनवरून तो धावत घरी येतो, मी रोज पाहतो.

या पत्राची एक प्रत मी मंत्रालयाच्या टपालात देऊन पोच घेणार आहे. माझ्या वहीतल्या अडीच वर्षांच्या नोंदी, ब्युरोंचे फॉर्म, दवाखान्याचे कागद, सगळं आपल्या अधिकाऱ्यांना दाखवायची माझी तयारी आहे. मावशींनीही बोलायची तयारी दाखवली आहे. त्यांचं म्हणणं माझ्याआधी ऐकावं, अशी माझी विनंती.

परवा आमच्याकडच्या बाई गावी गेल्या. आज संध्याकाळी आठला विसाव्या बाई येणार आहेत. त्यांचं नाव ब्युरोने अजून कळवलेलं नाही.

आपला,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व) येथील एक रहिवासी